कागद मागणाऱ्याचा कागद

सुरुवात आपल्या रोजच्या अनुभवापासून करतो. लोकलच्या डब्यात काळा कोट घातलेला माणूस चढतो, ‘तिकीट’ म्हणतो, आणि आपला हात आपोआप खिशाकडे जातो. तोतया टीसी पकडल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. टीसीला ओळखपत्र विचारायचा आपल्याला हक्क आहे, हेही बहुतेकांना माहीत असतं. पण खरं सांगा, ‘आधी तुमचं कार्ड दाखवा’ असं तुमच्यापैकी किती जणांनी म्हटलंय? (हशा) मीही म्हटलेलं नाही.

आपल्याकडे या भित्रेपणाची किंमत फार तर दंडाच्या पावतीएवढी असते. आज मी ज्या काळाबद्दल बोलणार आहे, त्या काळात ती किंमत जिवाची होती. दुसऱ्या महायुद्धातला जर्मनी, तिथल्या आगगाड्या, त्या गाड्यांमधून फिरणारे लष्करी पहारेकरी, त्यांचे अधिकार आणि त्यांचे कागद. मी इतिहासकार नाही. मी पुस्तकं वाचणारा आणि सिनेमे बघणारा माणूस आहे. त्यामुळे माझा प्रश्न समीक्षेचा आहे: कथा-नाटक-सिनेमाने हा कागद मागणारा माणूस कसा दाखवला, आणि दाखवताना कुठे चूक केली? चार कलाकृती घेतो. एक हॉलिवूडचा सिनेमा, एक लघुकादंबरी, एक नाटक आणि एक अलीकडचा जर्मन सिनेमा.

आधी थोडी माहिती, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही.

जर्मन सैनिकाच्या डगल्याच्या खिशात एक छोटं पुस्तक असायचं, झोल्डबुख. शब्दशः अर्थ पगारपुस्तक. पण त्याच्या मुखपृष्ठावरच छापलेलं असायचं की हे पगारपुस्तक आहे आणि हेच ओळखपत्रही आहे. त्यात काय नव्हतं? नाव, हुद्दा, गळ्यातल्या बिल्ल्याचा नंबर, रक्तगट, उंची, चेहऱ्याची ठेवण, केसांचा रंग, बुटाचं माप, लसी, मिळालेले कपडे आणि हत्यारं, दवाखान्यातले मुक्काम, मिळालेल्या रजा. फोटो मात्र बराच काळ नव्हता, तो युद्धाच्या उत्तरार्धात आला. म्हणजे सरकारला सैनिकाच्या बुटाचं माप आधी माहीत झालं आणि चेहरा नंतर!

सैनिक रजेवर निघाला की आणखी कागद. रजेचा दाखला: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या गावी. प्रवासाचा लष्करी परवाना. पूर्व आघाडीवरून येणाऱ्याला उवा मारून घेतल्याचा शिक्का. कामासाठी पाठवला असेल तर लेखी हुकूम. आणि या सगळ्याची नोंद पुन्हा झोल्डबुखात. दोन्ही जुळलं पाहिजे. दाखल्यावर एक तारीख आणि पुस्तकात दुसरी असेल, तर तो माणूस संशयित.

हे जुळवून बघणारे लोक गाडीत आणि स्टेशनवर असत. गाड्यांसाठी वेगळ्या पहारा-तुकड्या होत्या, ‘त्सुगवाखआब्टायलुंग’. स्टेशनवर ‘बानहोफ्सवाखे’, म्हणजे स्थानक-पहारा. आणि सगळीकडे फिरणारे लष्करी पोलीस, ‘फेल्डजांडार्मेरी’. यांच्या गळ्यात साखळीला अडकवलेलं अर्धचंद्राकृती पत्र्याचं पदक असे. त्यावरची अक्षरं अंधारात चमकणाऱ्या रंगाची, म्हणजे रात्रीच्या काळोखातही आधी पदक दिसायचं, मग माणूस. सैनिकांनी त्यांना नाव ठेवलं होतं, ‘साखळीची कुत्री’. प्रेमाने ठेवलेलं नाही, हे सांगायला नको.

आता एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. पहारेकऱ्याची सत्ता त्याच्या हुद्द्यातून येत नव्हती, नेमणुकीतून येत होती. फौजेत एरवी खालचा वरच्याला प्रश्न विचारत नाही. पण पहाऱ्यावरचा शिपाई तेवढ्या वेळेपुरता आणि तेवढ्या जागेपुरता आपल्या बरोबरीच्यांना अडवू शकायचा, हुकूम देऊ शकायचा. नेमणूक कागदावर झालेली असायची. पदक ड्यूटीवर असेपर्यंतच गळ्यात. खिशात त्याचंही झोल्डबुख होतंच. म्हणजे तत्त्वतः कागद दोघांनाही बांधत होता, दाखवणाऱ्यालाही आणि मागणाऱ्यालाही. हे ‘तत्त्वतः’ लक्षात ठेवा. माझं आजचं सगळं बोलणं या एका शब्दाभोवती आहे.

आता पहिली कलाकृती. ‘द ग्रेट एस्केप’, १९६३, दिग्दर्शक जॉन स्टर्जेस. आपल्यापैकी अनेकांनी तो दोन-तीनदा पाहिला असेल. झागान इथल्या छावणीतून दोस्तराष्ट्रांचे विमानदळातले कैदी बोगदा खणून पळतात. त्यातलं कागद बनवण्याचं काम करणारं पात्र डोनाल्ड प्लेझन्सने केलं आहे. प्लेझन्स स्वतः युद्धात जर्मनांच्या कैदेत राहिलेला माणूस, त्यामुळे त्याच्या वागण्यात एक खरेपणा आहे. त्या पात्राची दृष्टी कागद बनवता बनवता जाते. मग गाडीतला प्रसंग येतो. अधिकारी डब्यातून पुढे पुढे येतायत, एकेकाचे कागद बघतायत, आणि आपण खुर्चीच्या कडेवर.

सिनेमा म्हणून हे उत्तमच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. इथे कागद हा शर्यतीतला अडथळा आहे. चांगला बनवला तर पार, नाहीतर बाद. एका पात्राला बसमध्ये चढताना इंग्रजीत शुभेच्छा दिल्या जातात, तो इंग्रजीतच आभार मानतो आणि पकडला जातो. म्हणजे कागद पक्का होता, जीभ कच्ची निघाली. सगळा खेळ हुशारीचा. आणि कागद बघणारा? तो एक थंड डोळ्यांचा चेहरा. त्याला भूतकाळ नाही, वरिष्ठ नाही, भीती नाही.

प्रत्यक्षात काय झालं? मार्च १९४४ मध्ये ७६ जण बाहेर पडले, ७३ पुन्हा पकडले गेले, तिघे सुटले. पकडलेल्यांपैकी ५० जणांना गेस्टापोने गोळ्या घातल्या. सिनेमात ते सगळे एका माळावर एकत्र मारले जातात. खरं तसं नव्हतं. त्यांना वेगवेगळ्या ठिकाणी, एकेकटं किंवा छोट्या गटांत नेऊन मारलं, आणि कागदावर लिहिलं की पळून जायचा प्रयत्न करताना गोळी लागली. बघा, त्या प्रकरणातली सगळ्यात मोठी बनावट कैद्यांनी केलेली नव्हतीच. कैद्यांनी पासांची नक्कल केली. सरकारने पन्नास मृत्यूंची नक्कल केली. सिनेमा त्या पन्नासांना अर्पण केलेला आहे, पण ही दुसरी बनावट त्याच्या गोष्टीत बसत नाही. कारण ती दाखवायची तर कागद मागणाऱ्याच्या टेबलापलीकडे जावं लागतं, आणि सिनेमा टेबलाच्या अलीकडेच थांबतो. आपल्या मनातली ‘पेपर्स प्लीज’वाली प्रतिमा अशा सिनेमांनी घडवली आहे. ती खोटी नाही, अर्धी आहे.

आता दुसरी बाजू, त्याच गाडीतल्या जर्मन सैनिकाची. हाइनरिख ब्योल यांची ‘गाडी वेळेवर होती’ ही लघुकादंबरी १९४९ साली आली. ब्योल यांना १९७२ मध्ये नोबेल मिळालं, पण हे त्यांचं अगदी सुरुवातीचं पुस्तक. आंद्रेआस नावाचा तरुण सैनिक १९४३ मध्ये आघाडीकडे जाणाऱ्या गाडीत चढतो. गाडी सुटताना त्याला एकदम कळतं की आपण लवकरच मरणार आहोत. मग तो नकाशावर शोधत बसतो, नक्की कुठे? लेम्बेर्ग आणि चेर्नोवित्झ यांच्या मध्ये कुठेतरी. जर्मनी, पोलंड, पुढे गॅलिशिया. गाडी चालत राहते. पत्ते खेळणं, दारू, पाव, झोप. स्टेशनवरचे भोंगे गाड्यांच्या घोषणा करत राहतात.

आता या पुस्तकात गाडीचा पहारेकरी शोधा. एवढ्या लांबच्या लष्करी प्रवासाच्या गोष्टीत तो कधीच महत्त्वाचं पात्र होत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, लेखकाने तपशील सोडला. पण ब्योलना हे सगळं आतून माहीत होतं. ते स्वतः जवळजवळ संपूर्ण युद्धभर फौजेत होते, आणि शेवटी शेवटी बनावट रजेच्या कागदांच्या आधारावर त्यांनी फौजेपासून दूर राहायचा प्रयत्न केला. पहारेकऱ्याची नजर म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मग तो पुस्तकात मोठा का होत नाही?

माझं उत्तर असं. आंद्रेआसला पहारेकऱ्याची गरज उरलेली नाही. त्याच्याकडचे कागद बरोबर आहेत. त्याची रजा संपली आहे, तो हुकमाप्रमाणे योग्य गाडीत, योग्य दिशेने चालला आहे. ज्याचे कागद चोख, त्याला कुणी अडवत नाही, आणि म्हणून तो थेट मरणाकडे पोचतो. ‘ग्रेट एस्केप’मध्ये कागद चुकला तर माणूस मरतो. ब्योलकडे कागद बरोबर आहे म्हणून माणूस मरतो. पुस्तकाचं नावच बघा. गाडी वेळेवर होती. एरवी हे कौतुक असतं.

मराठीत युद्धकथा वाचताना आपण बहुधा शौर्य आणि भीती यांच्या मापाने वाचतो. हा शूर, तो भित्रा. ब्योल त्या मापात बसत नाहीत. आंद्रेआस गाडीतून उतरू का शकत नाही, हा प्रश्न धैर्याचा वाटतो. पण त्याच्या खिशातल्या कागदावर शेवटचं स्टेशन छापलेलं आहे, हे विसरून तो प्रश्न विचारता येत नाही. या पुस्तकावर एक आक्षेप मात्र घेतला पाहिजे. मरणाची इतकी खात्री दाखवली की जबाबदारी विरघळते. गाडी जणू आपोआप चालते. प्रत्यक्षात रूळ, वेळापत्रक, पहारा, सगळं माणसं चालवत होती. आणि त्याच रेल्वेवरून, त्याच वर्षांत, ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे नेणाऱ्या गाड्याही धावत होत्या. त्यांच्यावरही पहारा होता, पोलिसांचा. आंद्रेआस ज्यूंसाठी प्रार्थना करतो, ब्योल त्यांना विसरलेले नाहीत. पण नियतीच्या भाषेत पहारेकरी निर्दोष सुटतो, एवढं म्हणायला जागा आहे.

तिसरी कलाकृती, थोडी मागे जाऊन. कार्ल त्सुकमायर यांचं ‘क्योपेनिकचा कॅप्टन’ हे नाटक, १९३१. ते खऱ्या घटनेवर आहे. ऑक्टोबर १९०६ मध्ये विल्हेल्म फॉइग्ट नावाच्या, तुरुंगात आयुष्याची बरीच वर्षं काढलेल्या चांभाराने जुन्या बाजारातून कॅप्टनचा गणवेश मिळवला, रस्त्यात भेटलेल्या शिपायांना आपल्या हुकमाखाली घेतलं, बर्लिनजवळच्या क्योपेनिकला जाऊन नगराध्यक्षाला अटक केली आणि तिजोरी घेऊन निघून गेला. सगळा जर्मनी हसला. चार वर्षांची शिक्षा झाली, पण १९०८ मध्ये सम्राटाने माफी दिली.

आपल्याला हा प्रकार परका नाही. पु. ल. देशपांड्यांचं ‘अंमलदार’ गोगोलच्या नाटकावरून आलेलं, तिथेही एका उपऱ्याला सगळं गाव साहेब समजतं. पण त्सुकमायरच्या नाटकात जी गोष्ट आहे ती वेगळी आहे. फॉइग्ट हा कागद नसलेला माणूस आहे. काम नाही म्हणून राहण्याचा परवाना नाही, परवाना नाही म्हणून काम नाही. कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून त्याला कळतं की कागद असलेल्यालाच कागद मिळतो. मग तो गणवेश घालतो. आणि गंमत अशी की गणवेश घातल्यावर त्याला कुणी कागद विचारतच नाही. नगराध्यक्ष अधिकारपत्राची विचारणा करतो, तेव्हा तो शिपायांकडे, त्यांच्या संगिनींकडे बोट दाखवतो. विषय संपला.

हे विनोदी नाटक आहे आणि विनोदीच राहतं, कारण १९०६ साली तोतया कॅप्टन फार तर तिजोरी नेऊ शकत होता. त्याच्या हातात कुणाचा जीव नव्हता. आता एकोणचाळीस वर्षं पुढे या.

चौथी कलाकृती, ‘डेर हाउप्टमान’, म्हणजे ‘कॅप्टन’. २०१७, दिग्दर्शक रोबेर्ट श्वेंटके. हा दिग्दर्शक हॉलिवूडमध्ये ‘रेड’सारखे धंदेवाईक सिनेमे करून पुन्हा जर्मनीत आला आणि त्याने हा कृष्णधवल सिनेमा केला. हीही खरी घटना. विली हेरोल्ड, वय १९, चिमणी साफ करण्याचं काम शिकलेला मुलगा, साधा शिपाई. एप्रिल १९४५ च्या सुरुवातीला तो आपल्या तुकडीपासून तुटला. रस्त्याकडेच्या एका सोडून दिलेल्या गाडीत त्याला विमानदळाच्या कॅप्टनचा गणवेश सापडला. त्याने तो घातला. वाटेत तुकड्यांपासून सुटलेले इतर शिपाई भेटले, ते त्याच्यामागे आले. हा जथा एम्सलांडमधल्या आशेनडॉर्फरमोर छावणीत पोचला. मला प्रत्यक्ष फ्युररकडून अधिकार आहेत, असं त्याने सांगितलं, आणि काही दिवसांत तिथल्या शंभरावर कैद्यांना मारून टाकलं.

कुणी त्याचं झोल्डबुख बघितलं नाही. ज्या फौजेत बुटाचं माप लिहून ठेवत, त्या फौजेत.

सिनेमाची सुरुवात अप्रतिम आहे. एका उजाड माळावरून एक पोरगा जीव घेऊन पळतोय आणि मागे गाडीतून लष्करी लोक ससा हेरावा तसे त्याच्यामागे. म्हणजे पहिल्याच प्रसंगात तो ‘कागद नसलेला’ आहे. मग गणवेश सापडतो. थोड्या वेळाने रस्त्यावर लष्करी पोलीस भेटतात, कागदांची मागणी होते, आणि तो ते दाखवण्याऐवजी आवाज चढवतो. चालून जातं. पँट त्याला लांब आहे, हे एकाच्या लक्षात येतं. पण लक्षात येणं आणि बोलणं या दोन गोष्टींच्या मध्ये जे अंतर आहे, तेवढ्या अंतरात हा सगळा सिनेमा घडतो.

या सिनेमाबद्दल ‘कपडे माणसाला बदलतात’ असं एक ठरलेलं वाक्य लिहिलं-बोललं जातं. गणवेश घातला आणि साधा मुलगा राक्षस झाला. मला हे वाचन आळशी वाटतं. ते सगळा भार कपड्यावर टाकतं. सिनेमा नीट बघा. पहिला शिपाई त्याला भेटतो, तो स्वतःहून म्हणतो की मला तुमच्याबरोबर घ्या. का? कारण तो शिपाईही एकटा आहे, तुकडीपासून तुटलेला आहे, म्हणजे उद्या पहारेकऱ्याने पकडलं तर फाशी. त्याला कॅप्टन हवा आहे. कॅप्टन असला की आपण पळपुटे नाही, कामगिरीवरचे सैनिक. हेरोल्डचा गणवेश हा त्या सगळ्यांचा रजेचा दाखला आहे. त्याचं बिंग फुटलं तर त्यांचंही फुटणार. मग पँट लांब आहे हे कोण बोलेल?

आणि छावणीवाले? त्यांनाही तो हवा होता. कैद्यांचं काय करायचं हा त्यांचा प्रश्न होता आणि कुणीतरी वरून हुकूम घेऊन यावं असं त्यांना वाटत होतं. सिनेमात न्यायखात्याचा अधिकारी नियमांचं नाव काढतो, हे कैदी आमच्या खात्याचे आहेत म्हणतो. मग फोन होतात. या खात्याकडून त्या खात्याकडे, तिथून पक्षाकडे. आणि शेवटी परवानगी मिळते. मला हा सिनेमातला सगळ्यात भयंकर भाग वाटतो, गोळीबारापेक्षाही. कारण इतके फोन होतात, पण ‘हा माणूस कोण आहे’ हा प्रश्न बाजूलाच राहतो. त्याला काय करू द्यायचं, एवढीच चर्चा.

आता इथे आपल्याला इतिहास मदतीला घ्यावा लागतो, कारण सिनेमा तो पुरेसा सांगत नाही. हेरोल्डची थाप पचली, कारण ती खऱ्यासारखी होती. नोव्हेंबर १९४३ मध्ये हिटलरने ‘फेल्डयेगर’ नावाच्या नव्या पोलीस-तुकड्यांचा हुकूम काढला. त्या थेट सर्वोच्च लष्करी कार्यालयाखाली, नेहमीच्या साखळीबाहेर. जुना पहारेकरी आपल्या गाडीपुरता, आपल्या स्टेशनापुरता. यांना तशी हद्द राहिली नाही. मग ९ मार्च १९४५ ला ‘फिरत्या’ झटपट न्यायालयाचा हुकूम आला. मोटारीतून फिरायचं, संशयित सापडला की तिथेच सुनावणी आणि तिथेच शिक्षा. म्हणजे एप्रिल १९४५ मध्ये खरा अधिकारी कसा दिसत होता? चार-सहा शिपाई बरोबर, एक गाडी, वरून अधिकार असल्याचा दावा, आणि काही मिनिटांत मृत्युदंड. हेरोल्ड नेमका तसाच दिसत होता. खरा आणि तोतया यांच्यातला फरक मारल्या जाणाऱ्याच्या दृष्टीने शून्य होता.

हा माझा मुख्य मुद्दा. सुरुवातीला मी म्हटलं, कागद तत्त्वतः दोघांना बांधतो. सत्ता जशी बेलगाम होत गेली तसा एका बाजूचा कागद वाढत गेला आणि दुसऱ्या बाजूचा गळत गेला. सैनिकाच्या झोल्डबुखात नोंदी वाढल्या, फोटो आला. आणि त्याच वेळी मागणाऱ्याकडे मर्यादा सांगणारं काहीच उरलं नाही. हेरोल्ड हा अपवाद नाही, तो या हिशेबाचं शेवटचं उत्तर आहे.

मग सिनेमा कुठे कमी पडतो? दोन ठिकाणी. पहिलं, ते कैदी. आशेनडॉर्फरमोरमधले कैदी बरेचसे जर्मन सैनिकच होते, पळाल्याबद्दल किंवा हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा झालेले. प्रत्येकाचं नाव, गुन्हा, शिक्षा, सगळं नोंदलेलं. त्या छावणीत कागद नसलेला एकच माणूस होता, तो म्हणजे त्यांना मारणारा. केवढा विरोधाभास! पण श्वेंटके कैद्यांना नाव-चेहरा फारसा देत नाही. सुंदर कृष्णधवल चौकटीत ते गर्दी म्हणून मरतात. दिग्दर्शकाला मारणाऱ्यात रस आहे, ठीक आहे. पण मग आपणही नकळत हेरोल्डच्याच जागेवरून बघू लागतो. तो पकडला जाईल का, याची धाकधूक वाटते, ‘ग्रेट एस्केप’सारखीच. मला ती धाकधूक वाटली, आणि वाटल्याची लाज वाटली.

दुसरं, शेवटची श्रेयनामावली. हेरोल्डची टोळी आजच्या जर्मनीतल्या रस्त्यावर रंगीत चित्रात फिरते, लोकांना अडवते, झाडाझडती घेते. अनेकांना हे धाडसी वाटलं. मला वाटतं, इथे सिनेमा स्वतःचाच शोध विसरतो. आजचे ते लोक बिचकलेले, गोंधळलेले दिसतात. पण आधीचे दोन तास सिनेमाने दाखवलं काय? की लोक घाबरून गप्प बसले एवढंच नाही, तर त्यांनी मदत केली, कारण त्यांचं काम होत होतं. शेवटी फक्त भीती दाखवली की प्रेक्षक सुटतो. ‘मीही घाबरलो असतो’ हे कबूल करणं सोपं आहे. ‘मलाही तो सोयीचा वाटला असता’ हे अवघड.

हे सगळं आता जुनं झालं का? आकडे सांगतो. पहिल्या महायुद्धात जर्मन फौजेच्या न्यायालयांनी १५० मृत्युदंड सुनावले, ४८ अमलात आले. दुसऱ्या महायुद्धात हा आकडा सुमारे ३०,००० मानला जातो, आणि त्यातले साधारण २०,००० अमलात आले. गाडीत, स्टेशनवर, पुलाच्या नाक्यावर ‘तुमचा कागद?’ या प्रश्नाने सुरू झालेल्या किती गोष्टी त्या आकड्यात असतील. आणि युद्ध संपल्यावर? हेरोल्ड युद्ध संपायच्या आत जर्मन लष्करी न्यायालयापुढे उभा राहिला होता आणि तिथून सुटलाही. पुढे ब्रिटिशांनी त्याला एक पाव चोरताना पकडला, तेव्हा तो कोण हे कळलं. खटला झाला आणि नोव्हेंबर १९४६ मध्ये त्याचा शिरच्छेद केला गेला. पण पळाल्याबद्दल शिक्षा झालेले जे सैनिक वाचले, ते कागदोपत्री गुन्हेगारच राहिले. लुडविग बाउमान हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं नाव. १९४२ मध्ये बोर्दोहून पळाले, पकडले गेले, मृत्युदंड झाला, नंतर शिक्षा बदलली. पुढचं आयुष्य ते या निकालाविरुद्ध लढले. जर्मन संसदेने पळालेल्या सैनिकांवरचे निकाल सरसकट रद्द केले ते २००२ मध्ये. सत्तावन्न वर्षं तो कागद वैध होता. आणि नौदलात न्यायाधीश राहिलेले फिलबिंगर बाडेन-वुर्टेंबर्गचे मुख्यमंत्री झाले. जुने निकाल बाहेर आल्यावर १९७८ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. तोवर त्यांचा कागद कुणी मागितला नव्हता.

म्हणून मला वाटतं, या विषयावरची पूर्ण कलाकृती अजून यायची आहे. ‘ग्रेट एस्केप’ने कागदाची भीती दाखवली, ब्योलनी कागदाची आज्ञाधारकता, त्सुकमायरनी कागदाचं दुष्टचक्र, श्वेंटकेंनी कागदाविना सत्ता. पण शेवटच्या सैनिकापर्यंत, म्हणजे १९४५ नंतर आपल्या गावात ‘पळपुटा’ म्हणून जगलेल्या माणसापर्यंत यातला एकही जात नाही.

इथे थांबतो. वेळ आहे तर एखादा प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून एका बाईंचा प्रश्न: म्हणजे तुम्ही कागदाच्या बाजूचे की विरुद्ध? सगळं भाषण कागदाने माणसं मारली यावर, आणि शेवटी तक्रार की हेरोल्डचा कागद कुणी बघितला नाही.)

ताई, फार बरं विचारलंत. मलाही तयारी करताना हाच गोंधळ होता. मी कागदाच्या विरुद्ध नाही. एकतर्फी कागदाच्या विरुद्ध आहे. गाडीतल्या पहारेकऱ्याला जर कुणी विचारू शकलं असतं, ‘तुमची नेमणूक कुठली, हद्द कुठपर्यंत, आणि माझी तक्रार कुणाकडे न्यायची’, तर तो पहारेकरी राहिला असता. ते विचारायची सोय गेली आणि तो मालक झाला. आणि म्हणून सुरुवातीचा तो टीसी. पुढच्या वेळी त्याचं कार्ड विचारा, असं मी म्हणत नाही, गर्दीच्या वेळी तर नकोच. (हशा) पण विचारता येतं, हे विसरू नका.